सार्जंट बिल्कोला कर्नल हाकलून का देत नाही?

स्टीव्ह मार्टिनचा ‘सार्जंट बिल्को’ हा १९९६ सालचा चित्रपट पाहून उठलं की हा प्रश्न हमखास पडतो. फोर्ट बॅक्स्टर नावाची एक लहानशी अमेरिकन छावणी आहे. तिथल्या गाड्यांचा सगळा कारभार मास्टर सार्जंट अर्नेस्ट बिल्कोच्या हाती. हा गडी छावणीतच जुगाराचे अड्डे चालवतो, लष्कराच्या गाड्या परस्पर भाड्याने लावतो, कशावरही पैजा घेतो. आणि खांद्यावर गरुडाचं चिन्ह असलेला छावणीप्रमुख कर्नल हॉल दुसरीकडे बघत राहतो.

सैन्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते वरून हुकूम सुटणं आणि खाली टाचा जुळणं. मग एक सार्जंट सगळी छावणी खिशात घालून कसा फिरतो? ‘विनोदी चित्रपट आहे, चालायचंच’ असं म्हणून बरेच जण हा प्रश्न सोडून देतात. मला ते पटत नाही. बिल्को अतिशयोक्त आहे, पण हवेतून आलेला नाही. अमेरिकन सैन्याची रचना थोडी समजून घेतली की तो तिथेच का उगवला ते कळतं, आणि चित्रपटातले अर्धे विनोद तेव्हा कुठे पोटात शिरतात.

दोन शिड्या

अमेरिकन सैन्यात बढतीची एकच लांब शिडी नसते, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन असतात. पहिली अधिकाऱ्यांची. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल आणि वर जनरल. या लोकांना राष्ट्राध्यक्षांच्या नावाने अधिकारपत्र मिळतं, त्याला कमिशन म्हणतात. दुसरी शिडी साध्या भरतीतून आलेल्यांची. तिच्या तळाशी प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई, आणि वरच्या पायऱ्यांवर सार्जंट मंडळी. यांच्याकडे कमिशन नसतं, पण हाताखाली माणसं असतात, म्हणून त्यांना नॉन-कमिशन्ड ऑफिसर म्हणतात. आपल्याकडचा हवालदार साधारण याच जागी बसतो.

कायद्याने पहिल्या शिडीची सर्वांत खालची पायरीही दुसरीच्या सर्वांत वरच्या पायरीहून उंच. कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला लेफ्टनंट समोर आला तरी वीस वर्षं नोकरी झालेल्या सार्जंटने त्याला सलाम ठोकायचा. मात्र कोणता ट्रक चढावर दम टाकतो, कोणता शिपाई रात्री पहाऱ्यावर झोपतो, सामानाच्या गोदामात कुणाला विचारलं तर काम होतं, हे त्या लेफ्टनंटला ठाऊक नसतं. ते सार्जंटला ठाऊक असतं.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. पत्रिकेवर नाव यजमानांचं असतं, मान त्यांचा, पहिला नमस्कारही त्यांना. पण साखर किती उरली, पंगत कधी बसणार, आचाऱ्याला तूप कुणी काढून द्यायचं हे सगळं कोठीची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या मामांच्या हाती. यजमान मामांना रागावू शकतात. मामांशिवाय पंगत मात्र उठवू शकत नाहीत. सार्जंट म्हणजे सैन्यातले ते मामा.

इथे एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बिल्को हे पात्र मुळात चित्रपटाचं नाही. ते १९५५ साली सीबीएस वाहिनीवर नॅट हायकेन यांनी निर्माण केलेल्या मालिकेतून आलं आणि ते फिल सिल्व्हर्स यांनी साकारलं. त्या काळी मास्टर सार्जंट ही दुसऱ्या शिडीची शेवटची वेतनश्रेणी होती, वर पायरीच नव्हती. आणखी दोन पायऱ्या १९५८ मध्ये वाढवल्या गेल्या. म्हणजे मूळचा बिल्को जिथे उभा होता तिथून पुढे बढती नाही. बढतीचं आमिष नाही म्हणून वरिष्ठांच्या मर्जीची पर्वा नाही, आणि डोकं तर तल्लख. अशा माणसाची बुद्धी दुसरी वाट शोधणारच.

गाड्यांच्या आवारात एवढं काय आहे?

हायकेन यांनी बिल्कोला तोफखान्यात किंवा बँडपथकात न टाकता मोटर पूलमध्ये टाकलं, हे मला त्यांचं सर्वांत हुशार पाऊल वाटतं. मोटर पूल म्हणजे छावणीच्या सगळ्या गाड्या जिथे उभ्या राहतात, दुरुस्त होतात, पेट्रोल भरतात आणि नोंद करून बाहेर सोडल्या जातात ते आवार.

छावणीत बाकी वस्तू जागच्या जागी असतात. बंदूक शस्त्रागारात कुलपात, पलंग बराकीत. गाडी मात्र फाटकाबाहेर जाण्यासाठीच असते. ती बाहेर गेली यात संशयास्पद काहीच नाही. कुठे गेली, किती मैल धावली, किती पेट्रोल प्यायली हे सांगणारा पुरावा एकच, रजिस्टरमधली नोंद. आणि रजिस्टर सार्जंटच्या टेबलावर. गाडीला टायर लागतात, बॅटरी लागते, सुटे भाग लागतात आणि त्यांची झीज किती झाली हे बाहेरच्याला सांगता येत नाही. त्यातच छावणीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी गाडी हवी असते, म्हणजे प्रत्येकाला बिल्कोकडे येणं भाग.

थोडक्यात, कागद आणि वस्तू जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यावर हा माणूस बसला आहे. कागदावर दहा जीप आहेत आणि आवारात आठ, किंवा कागदावर आठ आणि आवारात दहा, हे फक्त त्यालाच माहीत. बिल्कोची प्रत्येक लबाडी या फटीतून निघते, हे डोक्यात ठेवून चित्रपट पाहा.

कर्नल आंधळा आहे का?

मुळीच नाही. डॅन अ‍ॅक्रॉइडने रंगवलेला कर्नल हॉल थोडा भोळा वाटतो, पण तो डोळे मिटतो त्यामागे हिशेब आहे.

मोठ्या सैन्यात कोणत्या तुकडीला किती गाड्या, किती तंबू, किती पाने-पकडी मिळायच्या याचे तक्ते ठरलेले असतात. तक्ता करणारा दूर कार्यालयात, गरज इथे. एका तुकडीकडे नको असलेले टायर साठतात, शेजारच्या तुकडीची गाडी टायरवाचून उभी राहते. रीतसर मागणी केली तर अर्ज वर जातो, खाली येतो, सही राहिली म्हणून पुन्हा वर जातो. अशा वेळी दोन सार्जंट संध्याकाळी भेटतात, टायरच्या बदल्यात रंगाचे डबे देतात आणि सकाळी गाडी चालू. अमेरिकन शिपायांच्या बोलीत याला नावही आहे, मध्यरात्रीची मागणी. कागद नाही, शिक्का नाही, वस्तू मात्र हजर.

आता कर्नलच्या जागी बसून पाहा. वरून विचारणा होते ती एवढीच, किती गाड्या चालू स्थितीत आहेत? आकडा चांगला असला की कर्नल चांगला. तो आकडा सार्जंटमुळे चांगला येतो. सार्जंटने गाडी चालू कशी केली हे खोदून विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल, आणि उत्तर ऐकलं की कारवाई करावी लागेल. म्हणून तो विचारतच नाही. त्यातून हॉलचा जीव आणखी एका गोष्टीत अडकलेला आहे. त्याच्या छावणीत जमिनीवर तरंगत धावणारा रणगाडा तयार होतो आहे आणि तो काही केल्या तरंगत नाही. ज्याचं घरच पेटलंय तो अंगणातल्या चोराकडे कधी बघणार?

गोची अशी की उपयोगी मध्यरात्रीची मागणी आणि बिल्कोचा धंदा यांची सुरुवात एकाच दारातून होते. तुकडीच्या कामासाठी टायर बदलून घेणं आणि स्वतःच्या खिशासाठी जीप भाड्याने देणं यात फरक आहे. तो नीतीचा आहे, पद्धतीचा नाही. पद्धत तीच, माणसंही तीच आणि रजिस्टरही तेच. एकदा डोळे मिटले की कर्नलला हे दोन्ही वेगळं काढता येत नाही.

तपासणीला आलेला मेजर

चित्रपटातला खलनायक मेजर कॉलिन थॉर्न, म्हणजे फिल हार्टमन, पेंटागॉनहून तपासणीसाठी येतो. त्याचं बिल्कोशी जुनं वैर आहे. पूर्वी फोर्ट डिक्समध्ये बिल्कोने आधीच ठरवून घेतलेला बॉक्सिंगचा सामना भलत्याच बॉक्सरने हरून फिसकटला. ठपका थॉर्नवर आला आणि त्याची रवानगी ग्रीनलंडला झाली. तो आता सूड उगवायला आला आहे, शिवाय बिल्कोची वर्षानुवर्षं लग्नाची वाट बघणारी वाग्दत्त वधू रीटा हिच्यावरही त्याचा डोळा आहे.

नुसत्या वैराने सगळी छावणी का हादरते हे कळायला तो काळ आठवावा लागतो. शीतयुद्ध संपलेलं होतं, एवढं मोठं सैन्य कशाला असा प्रश्न अमेरिकेत विचारला जात होता. १९८८, १९९१, १९९३ आणि १९९५ अशा चार फेऱ्यांत कोणते तळ बंद करायचे याच्या याद्या निघाल्या. तळ बंद होणं म्हणजे शेजारच्या गावाची रोजीरोटी जाणं. म्हणून चालत नसलेला रणगाडा ही चित्रपटात नुसती गंमत उरत नाही. तो चालला नाही तर फोर्ट बॅक्स्टर मिटणार.

योगायोगाचा भाग असा की अमेरिकन सैन्यात तपासणी आणि सार्जंट या दोन्ही गोष्टींना आकार देणारा माणूस एकच आहे, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा फ्रेडरिख फॉन श्टॉयबेन. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, १७७८ च्या हिवाळ्यात, व्हॅली फोर्जच्या तळावर सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या फाटक्या, उपाशी सैन्याला त्याने कवायत शिकवली आणि तो सैन्याचा महानिरीक्षक झाला. १७७९ मध्ये त्याने लिहिलेल्या नियमावलीत सार्जंटची कर्तव्यं वेगळी मांडलेली आहेत. आणि हा कडक शिस्तीचा माणूस पॅरिसहून आला तो शिफारसपत्रात लेफ्टनंट जनरल होऊन. प्रत्यक्षात प्रशियाच्या सैन्यात तो कॅप्टन होता. कागद आणि वस्तू यांतली फट अमेरिकन सैन्याच्या जन्मापासूनची आहे, आणि त्या फटीतून एकदा फार मोठं भलंही झालं आहे.

‘पण हा माणूस चोरच आहे ना?’

हो. या आक्षेपाला गोड शब्दांनी बगल देणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकन सैन्याचा स्वतंत्र फौजदारी कायदा १९५१ पासून लागू आहे. त्याखाली सरकारी मालमत्तेची परस्पर विल्हेवाट, खोट्या नोंदी आणि हुकूम मोडणं हे सगळे गुन्हे आहेत. त्यातला एक तर जणू बिल्कोसाठीच लिहिला आहे. कलम १३४ खाली, सार्जंटने आपल्या हाताखालच्या शिपायाशी पैसे लावून जुगार खेळणं हा वेगळा गुन्हा मानला जातो.

वेगळा का, हे समजून घेण्यासारखं आहे. दोन मित्र पत्ते खेळतात तेव्हा हरलेला उठून जाऊ शकतो. इथे समोर बसलेला माणूस उद्या पहाऱ्याची पाळी लावणार आहे, रजेच्या अर्जावर शेरा मारणार आहे. त्याच्याशी खेळायला नाही म्हणणं अवघड, जिंकणं त्याहून अवघड आणि उधारी बुडवणं तर अशक्य. शिपायाचा पगार गेला तरी तो दाद कुणाकडे मागणार? तक्रार ऐकणारा पहिला माणूसही तो सार्जंटच.

खऱ्या आयुष्यात हे किती वाईट वळण घेतं याचं उदाहरण अमेरिकेने पाहिलं आहे. १९६९ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीपुढे सुनावण्या सुरू झाल्या. जर्मनी आणि व्हिएतनाममध्ये सार्जंट मंडळींसाठी चालवल्या जाणाऱ्या क्लबांमधून काही सार्जंटांच्या टोळीने पैसा लाटला, असा विषय होता. त्यात ज्याचं नाव पुढे आलं तो सगळ्या सैन्यातला सर्वांत वरच्या पदावर पोचलेला सार्जंट होता. ते पद १९६६ मध्ये नव्याने निर्माण केलेलं आणि त्यावर बसलेला हा पहिलाच. क्लब, दारू, पत्ते, खेळाची यंत्रं, मालाची कंत्राटं, सगळं बिल्कोच्या गोष्टीतल्यासारखं. फरक एवढाच की लुबाडले जाणारे होते घरापासून हजारो मैल दूर, युद्धावर असलेले शिपाई. त्या सुनावण्यांबद्दल वाचताना कुणाला हसू येणार नाही.

मग पडद्यावर हसू का येतं? मला याचं उत्तर मूळ मालिकेच्या पहिल्या नावात सापडतं. ते नाव होतं ‘तू कधीच श्रीमंत होणार नाहीस’ या अर्थाचं, शिपायांच्या एका जुन्या गाण्याच्या ओळीतून उचललेलं. हायकेन यांनी ते अक्षरशः पाळलं. बिल्को मोठा बेत रचतो, पैसा हातात येतो, आणि शेवटी निसटतो. अनेकदा तर ऐनवेळी कुणाचं तरी हृदयद्रावक दुःख पाहून तो स्वतःच पाघळतो. चोरी होते पण माल घरी जात नाही. प्रेक्षकाला बुद्धीची करामत बघायला मिळते आणि कुणाचं कायमचं नुकसान झाल्याची टोचणी लागत नाही. नावातही गंमत आहे. बिल्को हे आडनाव स्टीव्ह बिल्को नावाच्या बेसबॉलपटूवरून घेतलेलं, आणि इंग्रजीत ‘बिल्क’ म्हणजे फसवून पैसे उकळणं.

सैन्याची बदनामी?

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत निर्मात्यांनी अमेरिकन सैन्याचे ‘संपूर्ण असहकाराबद्दल’ आभार मानले आहेत. ही ओळ वाचून बऱ्याच जणांना वाटतं की सैन्याने चित्रपटावर बंदी घातली होती. तसं नाही. अमेरिकेत कुणालाही सैन्यावर चित्रपट काढता येतो. पण खरे रणगाडे, खरी छावणी, खरे शिपाई वापरायचे असतील तर संरक्षण खात्याकडे पटकथा द्यावी लागते. पटकथेतून सैन्याचं चित्र वास्तव आणि भरतीला पोषक दिसतं का, हे बघून खातं मदत करतं किंवा नाकारतं. जिथे सार्जंट सरकारी गाड्या भाड्याने देतो आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी न चालणारा रणगाडा चालल्याचं भासवलं जातं, तिथे नकार येणं स्वाभाविक होतं.

बदनामीचा आरोप मात्र मला मान्य नाही. बिल्को शिपायांना हसत नाही. त्याची पलटण ही तऱ्हेवाईक पण एकमेकांना धरून राहणाऱ्या माणसांची आहे. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्यानंतर सातच वर्षांनी सुरू झालेल्या या मालिकेत काळे आणि गोरे शिपाई एकाच बराकीत, काहीही विशेष घडत नसल्यासारखे वावरताना दिसतात. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर हे सहजी दिसत नव्हतं.

मालिका गाजली, चित्रपट पडला

मालिका चार वर्षं चालली आणि सलग तीन वर्षं सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार घेऊन गेली. ब्रिटनमध्ये बीबीसीवर तिचं पुनःप्रक्षेपण पुढे कितीतरी वर्षं होत राहिलं. चित्रपटाला मात्र समीक्षकांनी झोडपलं आणि तिकीटबारीनेही साथ दिली नाही. दिग्दर्शक जोनाथन लिन हे ब्रिटिश नोकरशाहीवरच्या गाजलेल्या ‘येस मिनिस्टर’चे एक लेखक, म्हणजे कागद आणि वस्तू यांतली फट त्यांच्याइतकी कुणाला कळणार! तरी असं का झालं?

नटांची तुलना पुष्कळांनी केली आहे. सिल्व्हर्स यांचं ते बंदुकीच्या गोळ्यांसारखं बोलणं मार्टिनला जमलं नाही, वगैरे. मला कारण प्रेक्षागृहात दिसतं. १९५५ मध्ये मालिका पाहणाऱ्या घराघरांत दुसऱ्या महायुद्धातून किंवा कोरियातून परतलेला कुणीतरी होता आणि सक्तीची सैन्यभरती चालू होती. रांगेत उभं राहणं, चुकीच्या मापाचे बूट, हरवलेला अर्ज आणि सगळं ‘जमवून देणारा’ सार्जंट त्यांनी अंगावर काढला होता. त्यांना बिल्को समजावून सांगावा लागत नव्हता. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली. १९९६ च्या तरुण प्रेक्षकाला सार्जंट आणि कर्नल यांतलं नातं ओळखीचं नव्हतं, त्याला दिसला तो फक्त एक चलाख ठग. शिवाय चित्रपटात बिल्को शेवटी जिंकतो. छावणी वाचते, थॉर्न पुन्हा ग्रीनलंडला जातो. ‘कधीच श्रीमंत होणार नाहीस’ हा जुना लगाम सैल झाला आणि गोष्टीतली हुरहूर गेली.

म्हणून चित्रपट आवडला असेल तर मालिकेकडे जरूर जा, आणि सुरुवात १९५६ च्या कोर्ट मार्शलच्या भागापासून करा. कर्नल हॉलला नवे शिपाई विक्रमी वेगात भरती करून दाखवायचे आहेत. रांग इतकी झपाट्याने पुढे सरकते की एका शिपायाने सोबत आणलेला चिंपांझीही तीत घुसतो. त्याची वैद्यकीय तपासणी होते, गणवेश मिळतो. नाव विचारल्यावर तो गप्प, म्हणून कारकून ‘घाई कर, बोल’ अशा अर्थाचं ओरडतो आणि तेच शब्द नाव म्हणून कागदावर उतरतात, हॅरी स्पीकअप. आता तो सैनिक आहे, कारण कागद तसं म्हणतो. त्याला बाहेर काढायचं तर चूक कबूल करावी लागेल. ते कुणालाच नको, म्हणून रीतसर कोर्ट मार्शल भरवायचं ठरतं. आरोपीचा वकील असतो बिल्को.

सगळे अधिकारी गंभीर चेहऱ्याने बसलेले, कामकाज नियमाप्रमाणे चाललेलं. चित्रीकरण चालू असताना चिंपांझी टेबलावरून उतरला आणि त्याने पटकथेत नसताना टेलिफोनचा रिसीव्हर उचलला. सिल्व्हर्स क्षणभरही अडखळले नाहीत. न्यायालयाकडे वळून त्यांनी तहकुबी मागितली, कारण त्यांचा अशील दुसरा वकील बोलावत होता.